द्राक्षबागेतला सल्लागार: नाव होतं कसं, टिकतं कशाने

निफाड, दिंडोरी, तासगाव, पलूस, कासेगाव, नारायणगाव. सप्टेंबर सरता सरता द्राक्षपट्ट्यातल्या कोणत्याही गावात जा. कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर किंवा चहाच्या टपरीवर दोन बागायतदार भेटले की आधी पावसाची चौकशी होते आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘यंदा कन्सल्टंट कोण लावला?’ उत्तरात एक आडनाव येतं, त्याला ‘सर’ किंवा ‘साहेब’ जोडलेलं. त्या एका आडनावावरून समोरच्याला बरंच काही कळतं. माल निर्यातीला जाणार, लोकल मार्केटला की बेदाण्याला, फवारण्या कशा पडतील, मालकाचा हात खर्चाला सैल आहे की आखडता.

व्यावसायिकाने आपलं नाव कसं करावं, जाणकार म्हणून लोकांनी आपल्याला कसं ओळखावं आणि त्या ओळखीवर कामं कशी यावीत, यावर हल्ली शिबिरं भरतात, पुस्तकं निघतात. त्यांतली उदाहरणं बहुधा मोठ्या शहरांतल्या कार्यालयांमधली असतात. मला मात्र या प्रश्नाचं सगळ्यात कडक उत्तर द्राक्षबागांत सापडलं. इथे जाणकाराच्या शब्दाची परीक्षा चार-साडेचार महिन्यांत होते आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत होते. सल्ला चुकला तर एका कुटुंबाचं वर्ष जातं.

द्राक्ष हे मुळात आपल्या हवेचं पीक नाही. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात तिला झोप मिळत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, काडी तयार व्हावी म्हणून. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, त्या काडीतून घड निघावा म्हणून. खरड छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत नव्या काडीवरच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचा घड आतल्या आत आकार घेतो. ते दिवस उन्हाचे गेले तर डोळ्यात घड धरतो. ढगाळ आणि ओले गेले तर घडाच्या जागी बाळी (वेलीचा तणावा) येते, नाहीतर नुसती पानं. बाहेरून दोन्ही डोळे सारखेच दिसतात.

फळछाटणी झाली की दिवस मोजायला सुरुवात होते. काढणीपर्यंत १२० ते १४० दिवस, वाणाप्रमाणे थोडे मागे-पुढे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्टिंग, मग पोंगा, फेलफूट काढणं, फुलोरा, विरळणी, मणी फुगण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या (जीए) डीप, मण्यात पाणी उतरणं. बागायतदार तारखेने बोलत नाही, ‘आज बेचाळिसावा दिवस’ असं बोलतो. त्यात एक रात्र पाऊस झाला, सकाळी दव धरलं आणि फवारणीला उशीर झाला की डाऊनी (केवडा रोग) घडात शिरते. एकरी खर्च काही लाखांच्या घरात, तोही बराचसा उधारीवर. अशा पिकात ‘उद्या सकाळी काय करू?’ या प्रश्नाला अचूक उत्तर देणाऱ्या माणसाची गरज पडते, आणि ती चैन नसते.

२०२५ साली ही गरज फार जास्त होती. त्या वर्षी पावसाने मे महिन्यातच ठाण मांडलं. मोसमी पाऊस मेच्या अखेरच्या आठवड्यात महाराष्ट्रात पोहोचला, त्याच्या आधीच वळवाने जमीन भिजवली होती. म्हणजे डोळ्यांत घड धरण्याचे नेमके दिवस ढगांखाली गेले. सप्टेंबरमध्ये द्राक्षपट्ट्यात एकच धास्ती होती, ‘काडीत घड आहेत का?’

पिंपळगाव बसवंतच्या बाजूला रस्त्यालगतच्या एका गाळ्यात ही धास्ती जवळून पाहायला मिळाली. आत एक टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, आणि त्याला जोडलेला भिंतीवरचा टीव्ही. बाकावर बागायतदार बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर ओल्या फडक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेली काड्यांची जुडी आणि तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: प्लॉट दोन, थॉमसन, सातवं वर्ष. सल्लागार वयाने चाळिशीचे, कृषी पदवीधर. एकेक काडी घेऊन बुडख्याकडून डोळे मोजायचे, ब्लेडने डोळा उभा चिरायचा आणि काचपट्टी भिंगाखाली सरकवायची. टीव्हीवर हिरवट पांढरा ठिपका मोठा होऊन दिसायचा. जाडसर, फुगीर, कडेला गाठी धरलेला उंचवटा असेल तर घड. बारीक, दोन फाट्यांचा असेल तर बाळी. बाकावरचे सगळे माना वर करून बघायचे. दहा-बारा डोळे पाहून झाले की तेच आपसांत सांगू लागायचे, ‘हा घड’, ‘ही बाळी’.

सल्लागार प्रत्येकाला एका कागदावर लिहून देत होते. चौथा डोळा बाळी, पाचवा लहान घड, सहावा घड, सातवा घड. खाली तारीख, सही आणि एक ओळ: सहाव्या-सातव्या डोळ्यावर छाटणी ठेवावी. मग एका तरुणाची जुडी निघाली. एकामागून एक काडी चिरली, प्रत्येकीत बाळीच. गाळ्यात बोलणं थांबलं. सल्लागारांनी काडी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘दादा, या प्लॉटला माल फारच कमी आहे. औषध मारून आता घड येणार नाही, ते काही महिन्यांपूर्वीच ठरलंय. खर्च आवरता घ्या. वेल जपा, पुढच्या वर्षी काडी चांगली करू.’ तरुणाने विचारलं, दुकानदार एक टॉनिक सांगतोय, ते मारू का? उत्तर आलं, ‘त्या पैशात मजुरी भागवा.’

तपासणीचे पैसे घेतले गेले नाहीत. ज्याला नकार ऐकावा लागला, त्या तरुणाने जाताना भेटीची फी विचारली आणि दुसऱ्या प्लॉटसाठी नाव नोंदवून गेला. नाव कसं होतं, हे मला त्या गाळ्यात नीट दिसलं. लोकांनी ज्ञान टीव्हीवर उघडं पाहिलं, ते पडताळून पाहण्याची रीत शिकली, हातात सही केलेला कागद पडला. गोड नसलेली गोष्ट त्यांच्यासमोर स्पष्ट सांगितली गेली. बाकावर बसलेल्यांपैकी प्रत्येकजण गावी जाऊन हे चार जणांना सांगणार होता.

या धंद्याला मोठा आणि अभिमानाचा इतिहास आहे. साठ-सत्तरच्या दशकांत सांगली-कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. मूळचे गणिताचे प्राध्यापक. शेतकऱ्याने आपल्या बागेत प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि निष्कर्ष इतरांपुढे मांडावा, म्हणजे शेतकरीच संशोधक होतो, ही त्यांची धारणा. तासगावकडच्या अवर्षणी माळावर द्राक्षाने जे बस्तान बसवलं, त्यात या परिवाराचा वाटा मोठा आहे. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही जुन्या बागायतदारांच्या कपाटात सापडतं. त्याच मातीत, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवड करून ‘तास-ए-गणेश’ पुढे आणला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिले. या माणसांकडे तज्ज्ञ म्हणून दूरदूरहून लोक येत, ते बागेत उभं राहून पाहता येईल असं काही त्यांनी करून दाखवलं होतं म्हणून.

संस्थाही उभ्या राहिल्या. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून आहे. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. संघाचं वार्षिक अधिवेशन, ‘द्राक्षवृत्त’ मासिक, केंद्राच्या शास्त्रज्ञांचे ‘अॅग्रोवन’ दैनिकातले लेख यांनी बागायतदाराला शास्त्राच्या भाषेची सवय लावली. पण शास्त्रज्ञ हवामानाच्या एका विभागासाठी सल्ला देतो आणि बागायतदाराला आपल्या दोन एकरांचं उत्तर हवं असतं. सरकारी विस्तार यंत्रणेचा माणूस गावात क्वचित दिसतो. या दोहोंमधल्या मोकळ्या जागेत खाजगी सल्लागार आला. केंद्र सरकारने २००२ मध्ये कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्रांची योजना आणली, तिचा उद्देशही कृषी पदवीधरांनी पैसे घेऊन सल्ला देण्याचा व्यवसाय करावा हाच होता. आज या पेशात निवृत्त शास्त्रज्ञ आहेत, औषध कंपन्यांची नोकरी सोडून आलेले आहेत आणि स्वतःची बाग नावाजल्यावर शेजाऱ्यांना सांगता सांगता सल्लागार झालेले बागायतदारही आहेत.

ज्यांची नावं झाली, त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. सुरुवातीला प्रत्येकाने एकच दुखणं हातात घेतलं होतं. कोणी काडीचा माणूस, कोणी डाऊनीचा, कोणी माती-पाण्याचा, कोणी क्षारपड जमिनीवर डॉगरीज खुंट लावून बाग उभी करून देणारा, कोणी फक्त रंगीत वाणांचा. ‘मला द्राक्षातलं सगळं येतं’ म्हणणाऱ्याला बागायतदार ऐकून घेतो आणि विसरतो. ‘घड जिरतात ना? मग अमक्यांना बोलवा’ हे वाक्य मात्र गावात टिकतं. लोकांच्या तोंडी नाव बसायचं तर ते एखाद्या नेमक्या अडचणीला चिकटलेलं असावं लागतं. नव्या माणसाला याचीच भीती वाटते, की एवढासा विषय धरला तर बाकीची गिऱ्हाइकं जातील. होतं उलटं. काडी तपासायला आलेला पुढे पाणीही विचारतो, खतही विचारतो. एका दाराने आत आलेला माणूस सगळं घर पाहतो.

दुसरी गोष्ट वेळेची. पहाटे पाऊस झाला तर सहाच्या आत व्हॉट्सअॅपवर सल्लागाराचा आवाज पोहोचलेला असतो. ‘ज्यांची छाटणी पंचवीस ते पस्तीस दिवसांची आहे त्यांनी पानं सुकण्याची वाट पाहू नका. डस्टिंग करून घ्या. जमीन ओली असेल आणि ट्रॅक्टर आत जात नसेल तर गनने करा. पन्नास दिवसांपुढच्यांनी घाबरू नका.’ एवढंच. यात स्वतःची ओळख नाही, पदव्या नाहीत, ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’ नाही. ऐकणारा आपला दिवस मोजतो आणि पंपाकडे जातो. असे निरोप फी भरणाऱ्यांपुरते राहत नाहीत. ते पुढे पाठवले जातात, भलत्याच तालुक्यातल्या गटात जाऊन पोहोचतात आणि तिथून फोन येतो. यूट्यूबवरच्या चित्रफितींचंही तेच. ज्यांत माणूस बागेत उभा राहून, पान उलटून, मण्याला हात लावून बोलतो, त्या चालतात. पंख्याखाली खुर्चीत बसून उपदेश करणाऱ्या चालत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, तीच सगळ्यांत जुनी: रस्त्याकडेची बाग. मान्यवर सल्लागार एखाद्या गावात शिरताना मोक्याचा प्लॉट पाहून शिरतो. तिथे फुलोऱ्यापासून काढणीपर्यंत शेजारपाजारचे येऊन बघतात, जानेवारीत ‘प्लॉट पाहणी’ होते, मांडव घालून चर्चासत्र होतं. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीला हे नवं नाही. ही वाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि सुरुवातीचे नांगर दोन वर्षं पडून राहिले. ते विकले गेले जमिनीत चालवून दाखवल्यावर. पुढे १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. मालाची माहिती देण्यासाठी निघालेलं ते पत्र पुढे मराठीतलं मातब्बर मासिक झालं, कारण त्यात वाचकाच्या उपयोगाचं काही होतं. दाखवा, मग उपयोगाचं सांगत राहा, हा क्रम शंभर वर्षांत बदललेला नाही.

इथपर्यंतचं सगळं चांगलं आहे. ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो भाग याच्या पुढचा आहे.

द्राक्षपट्ट्यात सल्ल्याचे दोन भाव आहेत. एक सल्लागार एकरी किंवा भेटीप्रमाणे फी घेतो. दुसरा फुकट सांगतो. फुकट सांगणारा चिठ्ठी लिहितो, ती चिठ्ठी ठरावीक दुकानातच चालते आणि तिच्यावरच्या बाटल्या ठरावीक कंपन्यांच्या असतात. त्याची कमाई बाटलीमागे होते. बागायतदाराला वाटतं, फी वाचली. हंगामाच्या शेवटी दुकानाचं बिल पाहिलं की कळतं, फी कितीतरी पटीने भरली गेली. मध्ये एक तिसरा प्रकारही आहे, तो मला सर्वांत घातक वाटतो. तो फीसुद्धा घेतो आणि कमिशनसुद्धा. पाटीवर ‘सल्लागार’, आत विक्रेता. याच्याकडे नाव असतं, गर्दी असते, चर्चासत्राला मोठं मंगल कार्यालय असतं. पण त्या कार्यालयाचं भाडं आणि जेवण कोणी दिलं, हे मंचावरच्या फलकांवरचे छाप पाहिले की समजतं.

याची किंमत द्राक्षपट्ट्याने मोजलेली आहे. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेहून जास्त सापडले. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणून ओळखतो. काडीची वाढ रोखून घड धरावेत म्हणून ते वापरलं जायचं. माल बंदरांत अडकला, भाव कोसळले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही कर्जात गेले. अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही नोंदणी आणि मागोवा घेण्याची व्यवस्था २००६ पासून चालू होती, तरी हा घटक तपासणीतून निसटला होता. त्या वर्षी नेमकं कोणी किती फवारा सांगितलं, हे नंतर सांगता आलं नाही, कारण सल्ला तोंडी होता. तोंडी सल्ल्याला बाप नसतो. माल चांगला आला तर सल्लागाराचा, अंश सापडला तर शेतकऱ्याने जास्त मारलं.

त्यानंतर निर्यातीच्या बागांत शिस्त आली. काढणीपूर्व कालावधी पाळणं, फवारणीची वही ठेवणं, माल उतरवण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवणं हे आता अंगवळणी पडलंय. पण दरवर्षी नव्या नावाच्या बाटल्या येतात. ‘स्टिम्युलंट’, ‘टॉनिक’, ‘समुद्री शेवाळाचा अर्क’. जैव उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणणारी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. तोवर या बाजाराला कायद्याचा लगाम जवळपास नव्हताच. ज्या काळात लगाम नव्हता त्या काळात या बाटल्या ज्यांच्या शब्दावर खपल्या, ते सल्लागारच होते. नावाचा असा वापर झाला की नुकसान एका माणसाचं होत नाही. पुढच्या वर्षी प्रामाणिक सल्लागार फी मागायला गेला की त्यालाही ऐकावं लागतं, ‘तुम्ही सगळे सारखेच.’

इतर पेशांनी या प्रश्नाशी झटापट केलेली आहे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारात उभं राहून पक्षकारांवर झडप घालणाऱ्या, कागदपत्रं हिसकावणाऱ्या, प्रसंगी हातघाईवर येणाऱ्या वकिलांचं प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि वकिली हा धंदा नव्हे, हे न्यायालयाने परखडपणे सांगितलं. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही; २००८ नंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली. डॉक्टरांसाठी २००२ चे नीतिनियम आहेत. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही काळ बाहेरगावी जाणार आहे, असं वर्तमानपत्रात कळवता येतं. ‘माझ्याकडे या’ म्हणता येत नाही. सनदी लेखापालांवरही १९४९ च्या कायद्याने अशीच बंधनं आहेत. या बंधनांमुळेच तर मराठी वर्तमानपत्रांत डॉक्टरांची आरोग्यसदरं आणि कर सल्लागारांची प्रश्नोत्तरं बहरली. जाहिरात करता येत नव्हती, म्हणून या लोकांनी शिकवलं, आणि शिकवता शिकवता त्यांची नावं झाली.

शेअर बाजारात उलट घडलं. मोबाइलवर नाव आधी झालं, नियम मागून धावले. ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शिकवण्या चालवणाऱ्यावर सेबीने ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश काढला आणि १७ कोटींहून अधिक रक्कम जमा करायला सांगितली. नोंदणी नसताना शिक्षणाच्या नावाखाली सल्ला विकल्याचा ठपका होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलून नोंदणीकृत संस्थांना अशा मंडळींशी संबंध ठेवायला मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं की निव्वळ शिकवायचं असेल तर गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरू नका. हा नियम मला फार मार्मिक वाटतो. ज्याला खरंच शिकवायचं आहे त्याचं जुन्या उदाहरणावरही भागतं. आजचा भाव लागतो तो विकणाऱ्याला.

पीक सल्लागाराला यातलं काहीच लागू नाही. कीटकनाशक विकायला परवाना लागतो, पण ते कधी, किती आणि कशात मिसळून मारायचं हे पैसे घेऊन सांगायला नोंदणीही लागत नाही. उद्या कोणीही चारचाकीच्या काचेवर ‘द्राक्ष तज्ज्ञ’ लिहून फिरू शकतो. लिहितातही.

कायदा आला तरी सगळं ठीक होईल असं मी मानत नाही. वकिलांना आणि डॉक्टरांना नियम आहेत, म्हणून तिथले सगळे हिशेब स्वच्छ आहेत असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या सल्लागारांची नावं दहा-पंधरा वर्षं टिकली आहेत, त्यांनी कोणी न सांगता स्वतःला काही नियम लावून घेतलेले दिसतात. ते औषधाचं व्यापारी नाव न लिहिता घटकाचं नाव आणि प्रमाण लिहितात. कोणत्या दुकानातून घ्यायचं हे शेतकऱ्यावर सोडतात. सल्ला कागदावर किंवा लेखी संदेशात देतात, तारखेसह. जेवढ्या बागांत प्रत्यक्ष जाता येईल तेवढ्याच घेतात. हंगामाच्या मध्यावर बोलवायला आलेल्याला बरेचजण नाही म्हणतात, कारण आधी काय काय मारलं गेलंय ते ठाऊक नसतं. आणि रोग हाताबाहेर गेला असेल, विषाणूचा किंवा खोडातल्या बुरशीचा संशय असेल, तर सरळ मांजरीचा रस्ता दाखवतात. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही’ म्हणणाऱ्या सल्लागाराचं नाव कमी होतं असं मी कुठे पाहिलं नाही. बागायतदार दुसऱ्याला सांगतो, ‘तो माणूस उगाच खर्चात पाडत नाही.’ द्राक्षपट्ट्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

अपयशाचं काय करायचं, हा मात्र बहुतेकांचा कच्चा दुवा आहे. चित्रफिती आणि फलक सगळे भरलेल्या घडांचे असतात. मण्याला मोजपट्टी लावलेला फोटो असतो, किलोचा भाव असतो. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी निफाड भागात गारपीट झाली, तेव्हा बागा आडव्या झाल्या. ते कोणाच्याच हातात नव्हतं. पण साध्या वर्षातही प्रत्येक सल्लागाराच्या यादीत काही प्लॉट फसलेले असतात आणि ते लोकांपुढे येत नाहीत. दाभोलकरांच्या प्रयोग परिवारात फसलेल्या प्रयोगाचीही नोंद मांडली जायची, कारण पुढच्याचे पैसे त्यानेच वाचायचे. आजचे कृषी पदवीधर, जे नुकतेच मोटारसायकलवर वही घेऊन बांधाबांधाने फिरू लागले आहेत, त्यांनी हा धागा उचलावा असं मला मनापासून वाटतं. फसलेल्या प्लॉटवर चर्चासत्र घ्या. छाटणी चुकली की पाणी, फवारणी उशिरा झाली की चुकीची, ते मालकाच्या परवानगीने बांधावर उभं राहून सांगा. सुरुवातीला दोन-चार जण नाकं मुरडतील. पण बागायतदार मूर्ख नाही. भरलेला घड त्याने खूप पाहिलाय. फसलेल्या बागेत उभं राहून खरं बोलणारा जाणकार त्याला फार कमी वेळा भेटतो.

द्राक्ष बागायतदार संघाने आणि कृषी विभागाने मिळून सल्लागारांची एक खुली यादी करावी. त्यात प्रत्येकाचं शिक्षण, अनुभवाचा विषय, फी आणि कोणत्या कंपनीशी वा दुकानाशी आर्थिक संबंध आहे का, एवढं असलं तरी पुष्कळ. यासाठी नवा कायदा लागत नाही. ज्यांचे हिशेब स्वच्छ आहेत ते स्वतःहून नाव घालतील, आणि जे घालणार नाहीत त्यांच्याबद्दल लोक आपोआप विचारू लागतील.

ते होईल तेव्हा होईल. फळछाटणी त्यासाठी थांबणार नाही. बागायतदार बंधूंनो, सल्लागार लावताना त्याची कीर्ती नंतर विचारा. त्याला आधी विचारा, ‘साहेब, माझ्याशिवाय तुम्हाला अजून कोण पैसे देतं?’ उत्तर द्यायला जो अडखळेल त्याला नमस्कार करा. जो सरळ उत्तर देईल त्याच्याकडून पहिली फवारणी लेखी घ्या, तारीख टाकून, सही घेऊन. त्याची फी वेळेवर द्या आणि तो कागद हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा.